आकाशी, दोन छटा अलीकडे

गुरुवार, ८ ऑगस्ट

कुठेही जायचं नव्हतं, तरी आज माझ्या पंपाने गाडीच्या चारी टायरांत हवा भरून घेतली. सवय. टायर टणक असले, टाकीत थोडंफार पेट्रोल असलं आणि खाटेखाली बॅग बांधलेली असली की मला झोप लागते. वुराबिनला आल्यापासून ती बॅग मी एकदाच उघडली, तीही मोजे शोधायला.

इथे राहायचं म्हणून आलेच नव्हते. गव्हाच्या कोठारावर हंगामी काम मागायला आले, ते म्हणाले माणसं भरली. समोरच्या दुकानात चहा प्यायला शिरले, तर काउंटरमागची म्हातारी म्हणाली, "हात कसे असतात तुझे? गार की गरम?"

म्हटलं, गार.

"मग धुऊन ये आणि ही चॉकलेटं साच्यातून काढ. माझ्या हातात वितळतात."

चहा राहिलाच.

ही व्हॅलमाय. गाव तिला व्हॅल म्हणतं. केक आणि चॉकलेटं, दुसरं काही नाही. मागच्या खोलीत मी राहते. खिडकीतून कोठार दिसतं, कोठारावर कबुतरं, आणि एक कबूतर आहे ते लंगडतं.

आज तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. शनिवार, चोवीस तारीख. आमच्या फुटी क्लबाची शेवटची मॅच. फुटी म्हणजे लंबगोल चेंडूचा इथला फुटबॉल. मोसमातली शेवटची नाही, शेवटचीच. मैदानात उभी करायला पोरं उरली नाहीत म्हणून क्लब कुलॉन्गच्या क्लबात मिसळणार. कुलॉन्ग म्हणजे ज्यांना गेली शंभर वर्षं शिव्या दिल्या ते. आमचा रंग आकाशी, त्यांचा गडद निळा. पुढच्या वर्षीपासून जर्सी त्यांचीच.

दर मोसमाच्या शेवटी व्हॅल चॉकलेटचा चेंडू करते, खऱ्या चेंडूएवढा, लंबगोल, आतून पोकळ, क्लबाच्या आकाशी रंगाचा. जेवणं झाली की क्लबातला सगळ्यात म्हातारा माणूस लाकडी हातोडीने तो फोडतो. प्रत्येकाला तुकडा. ज्यांची माणसं गेली ते आपला तुकडा क्लबाच्या हॉलच्या भिंतीवर, त्यांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवतात. व्हॅलचा नवरा लेस तिथे आहे, आकाशी जर्सीत, तरुणपणच्या केसांसकट.

"हा शेवटचा," व्हॅल म्हणाली. "ह्यात काही इकडचं तिकडे झालेलं मला चालणार नाही." मग माझ्याकडे न बघता, "तो शनिवार एकदा पार पडू दे. मग तुझं काय करायचं ते बघू."

तुझं काय करायचं ते बघू. हे मी कोळंबीच्या बोटीवर ऐकलंय, चेरीच्या बागेत ऐकलंय, हायवेवरच्या पंपावर भजी तळत होते तिथेही ऐकलंय. म्हणून टायर.

सोमवार, १२ ऑगस्ट

व्हॅल माझी परीक्षा घेतेय. आता खात्री झाली.

आयसिंगमध्ये रंग घालताना दर दोन थेंबांनी थांबते आणि विचारते, "ह्याला तू काय म्हणशील?"

"गुलाबी."

"गुलाबी काय शेंबड्या पोरालाही कळतं. कसला गुलाबी?"

"माळावरच्या पोपटांचं पोट असतं ना, तसला."

तिने मान हलवली. मास्तरीण खूश झाली. आणखी दोन थेंब. "आणि आता?"

"आता कापलेल्या हॅमचा."

"बाप रे," म्हणाली आणि भांड्यात पांढरं आयसिंग ओतून मोकळी झाली. हसलीसुद्धा. पण परीक्षा ती परीक्षा. शाळेत मी नववीच्या पुढे गेले नाही ती ह्याच कारणाने. कोणी माझ्या तोंडाकडे उत्तराची वाट बघत उभं राहिलं की मला दार दिसायला लागतं.

शिकवते मात्र मनापासून. चॉकलेटला पाण्यातला रंग चालत नाही. एक थेंब पाणी गेलं की अख्खं भांडं रुसतं, त्याची ओली वाळू होते आणि मग देव आला तरी ते पातळ होत नाही. तेलातलाच रंग हवा. आणि तेलातला रंग लबाड. घातल्या घातल्या फिका दिसतो, मग रात्रभर कोणी बघत नसताना चढत जातो. "म्हणून जो हवा त्याच्या दोन छटा अलीकडे थांबायचं," व्हॅल म्हणते. "पुढचं रंग स्वतः करतो. नवशिक्यांना थांबवत नाही." हे म्हणताना माझ्याच दिशेने बघते.

दुपारी मला भिंतीच्या पांढऱ्या फरशा घासायला लावल्या. पिवळ्या पडल्यात म्हणे. मला तर पांढऱ्याच दिसत होत्या. घासल्या. तिने येऊन बघितलं आणि म्हणाली, "अजून पिवळ्याच आहेत." पुन्हा घासल्या. हाकलायच्या आधी माणसाला असंच राबवतात, म्हणजे ते आपणहून जातं.

संध्याकाळी चर्चच्या गाण्याच्या सरावाला तिला मीच नेते. अंधार पडला की ती गाडी चालवत नाही, कांगारू आडवे येतात म्हणते. आज वाटेत एक ट्रक समोरून आला तर डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "हल्ली सगळ्यांच्या दिव्यांना केस फुटलेत." म्हातारीची भाषा मजेशीर आहे. हे लक्षात ठेवायला हवं.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज चॉकलेट मेलं.

मागच्या पायरीवर एक जाडा सरडा ऊन खायला आला होता, इथे ऑगस्टमध्ये थंडी सरत आली की हे बाहेर पडतात. शेपटी आणि डोकं सारखंच. कुठलं टोक मागचं ते शोधत मी उकिडवी बसले होते. आत व्हॅल चेंडूसाठी पांढरं चॉकलेट वितळवत होती, अख्खं पातेलंभर. मग तिची हाक आली. हाक नव्हती ती, नुसता आवाज.

पातेल्यात ओली वाळू. वर निळे ओघळ.

ओट्यावर हिरव्या झाकणाची बाटली. ती जेलीची, पाण्यातली. तेलातल्या बाटलीचं झाकण तपकिरी, ती तिच्या जागेवरच होती. दोन्ही बाटल्या मीच पुसून ठेवते. म्हणजे हिरवी ओट्यावर माझ्याच हातून राहिली असणार. आठवत नाही, पण माझ्या हातून असंच होतं.

"ही इथे कोणी ठेवली, मेरिन?" तिने विचारलं. अगदी हळू.

"मी ठेवली असेन."

ती पिठाच्या डब्यावर बसली. बाटली उचलून नाकाला लावली, मग झाकण चाचपलं, मग पुन्हा बाटलीकडे बघत राहिली. इतकं रागावलेलं माणूस मी आजवर पाहिलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बोटीवरचा मुकादम ओरडायचा, वस्तू फेकायचा, नंतर बिअर द्यायचा.

"असू दे," ती म्हणाली. "तुझी चूक नाही." असं म्हणतात तेव्हा आपलीच असते.

माल येतो त्या मिल्ड्युराच्या दुकानाला तिने फोन केला. पांढरं चॉकलेट गुरुवारच्या गाडीने येईल, पण उरलंय तेवढंच. एक चेंडू, दोन थर, बस. पुन्हा बिघडलं तर करायला काही नाही. हे तिने दोनदा म्हटलं, एकदा मला आणि एकदा खिडकीला.

रात्री जेवले नाही. बॅगेत टूथब्रशही टाकून ठेवलाय.

गुरुवार, २२ ऑगस्ट

चॉकलेट आलं. त्याच्यामागोमाग क्लॅरी आला.

क्लॅरी म्हणजे ह्या वर्षी हातोडी मारणारा. ऐंशीच्या पुढचा, कान मोठे, टोपी त्याहून मोठी. क्लबातल्या काचेच्या कपाटातली जुनी लोकरीची जर्सी त्याने खरेदीच्या पिशवीत घालून आणली होती.

"रंग जुळवायला," तो म्हणाला. "क्लबातल्या नेटबॉल खेळणाऱ्या बायका म्हणाल्या तू वेडा आहेस, तिला हा रंग झोपेत येतो. मी म्हटलं वेडा तर मी आहेच."

"त्यात नवीन काय," व्हॅल म्हणाली. तिने जर्सी मांडीवर घेतली, बाहीवरून बोटं फिरवली, वास घेतला. "हीत लेस खेळलाय."

"लेस खेळला, मी खेळलो, गावातलं निम्मं कबरस्तान खेळलं हीत. मला कुलॉन्गच्या जर्सीत पुरलंत तर मी उठून बसेन, आत्ताच सांगून ठेवतो."

"उठून बसलास तर चहा कोण करणार तुला?"

"उजेडात ने ना ती, व्हॅल. नीट बघ."

"मला कशाला उजेड? ह्या रंगात मी लग्न केलंय."

मला मात्र ती जर्सी उजेडात राखाडीच दिसली. काचेतून वर्षानुवर्षं ऊन खाऊन रंग उडालाय. कॉलर उलटी केली तर खाली बोटभर पट्टी सापडली, ऊन न लागलेली. तो खरा. एकदम स्वच्छ, थंडीतल्या सकाळी नऊच्या आकाशासारखा. मी बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसले. चहा उतू गेला.

जाताना क्लॅरीने मला दाराबाहेर गाठलं. टोपी काढली, पुन्हा घातली. "नीट लक्ष दे, पोरी. तिच्यापेक्षा तूच बघ. कळलं ना?"

कळलं. मंगळवारची गोष्ट गावभर झालेली दिसते. मी पुन्हा घाण करू नये म्हणून आता ऐंशी वर्षांची माणसंही पहाऱ्याला.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

हे लिहितेय कारण गप्प बसवत नाही आणि बोलायला कोणी नाही.

दुपारी चॉकलेट वितळवलं. व्हॅलने त्याचे दोन वाटे केले. पहिला थर बाहेरचा, तो साच्याला लागून बसतो, चकाकतो, लोकांना दिसतो तो तोच. दुसरा आतला, नुसता जाडीसाठी. "त्यात रंग नसला तरी चालतो," ती म्हणाली, "पण मी घालते."

ह्या वेळी तपकिरी झाकण मी तीनदा बघितलं. पांढरं चॉकलेट खरं पांढरं नसतंच, लोण्याच्या रंगाचं असतं, त्यात निळा टाकला की हिरवट होतं. म्हणून आधी सुईच्या टोकावर जांभळा. मग निळा, थेंब थेंब, आणि मधेमधे ब्लेंडर. व्हॅल खुर्चीत, पातेल्याशेजारी.

आणि तो आला. मी बघितला. कॉलरखालच्या पट्टीच्या दोन छटा अलीकडे, बरोबर तिथे. बोटीवरून पहिल्यांदा डॉल्फिन बघितला तेव्हा झालं होतं, तसंच झालं. हात आपोआप थांबला.

"काय म्हणतेस?" व्हॅल.

"झालं असं वाटतं."

"वाटतं?" ती इतकी वाकली की नाक चॉकलेटात जाईल. "हा राखाडी आहे. हिरवट राखाडी. घाल."

"व्हॅल, दोन छटा अलीकडे..."

"मला शिकवू नकोस. घाल."

घातले. तिने पुन्हा वाकून बघितलं. "आणखी." घातले. आता तो शाळेच्या गणवेशाचा निळा झाला होता. "आणखी."

मला कळेना परीक्षा कशाची आहे. ऐकते का ह्याची, की बोलते का ह्याची? बोटीवर मी बोलले म्हणून मला उतरवलं. चेरीच्या बागेत मुकादमाचं लबाड वजन दिसत असून बोलले नाही, तिथूनही गेले. दोन्ही उत्तरं मी देऊन बघितलीत आणि दोन्ही चुकलीत. तिचा चेहरा बघितला तर तो पातेल्याकडेही नव्हता, माझ्याकडेही नव्हता, मधेच कुठेतरी होता, घाबरल्यासारखा. मी हात धुऊन नशिबाच्या हवाली झाले आणि ती म्हणेल तेवढं घातलं.

पहिला थर साच्यात लावला. व्हॅलने हात पुसले, खुर्चीत मान टाकली आणि तिला डुलकी लागली.

दुसरा वाटा मी केला. एकटीने. आतला थर, कोण बघतंय? पण एकदा तरी मला माझ्या मनाने थांबून बघायचं होतं. जर्सीची कॉलर उलटी करून ओट्यावर ठेवली. जांभळा, निळा, ब्लेंडर. तीच जागा आली. थांबले. कोणी आणखी म्हटलं नाही. ब्रशने आतून लावलं, जरा खडबडीत झालं, तसं ते होतंच. व्हॅल जागी झाली तोवर साचा फ्रीजमध्ये होता.

"जमलं?"

"हो."

आता बाहेरचा रंग तिथे अंधारात चढत असेल. फ्रीजशेजारून दोनदा गेले. उघडायचा धीर झाला नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट, सकाळ

कुलॉन्ग.

साचा उघडला आणि कुलॉन्गच्या जर्सीचा चेंडू बाहेर आला. गडद निळा, चकचकीत, इतका सुंदर की शिव्या द्याव्यात. आमच्या शेवटच्या दिवशी, कुलॉन्गच्याच पोरांसमोर, आमच्या टेबलावर हा.

दोन अर्धे जोडले तेव्हा हात गारच होते, तरी कडांना बोटांचे ठसे उमटले. नवं चॉकलेट नाही. वरून पांढरं फासावं म्हटलं तर तेही नाही. दुधाची पावडर भुरभुरून बघितली, चेंडू आजारी दिसायला लागला, पुसून टाकली.

व्हॅल आली. चेंडू खिडकीशी नेला, उजेडात फिरवला.

"हं," ती म्हणाली. "आता आला." आणि माझ्याकडे वळून, "ह्याला काय म्हणशील?"

ही शेवटची परीक्षा. तिला दिसतंय. दिसणारच, चाळीस वर्षं हेच करतेय ती. मी कबूल करते का हे बघायचंय, आणि मग संध्याकाळी सगळ्यांसमोर.

"मस्त," मी म्हटलं.

तिने माझा गाल थोपटला. पिठाच्या हाताने. ह्या बाईला माझा इतका राग का यावा?

बॅग गाडीत टाकली आहे. आत्ताच निघाले असते, पण चेंडू कोणीतरी मांडीवर धरून न्यायला हवा. गाडी मी चालवणार, धरणार ती. एवढं करते. टेबलावर ठेवून मागच्या दाराने निघेन. हायवेला लागले की दोन्ही दिशा मोकळ्या.

रविवार, २५ ऑगस्ट

बॅग अजून गाडीतच आहे. मी मात्र ओट्यावर बसून लिहितेय.

मॅच हरलो. कितीने ते लिहीत नाही. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा आमची पोरं मैदानातच बसली आणि गाड्यांत बसलेल्या म्हाताऱ्यांनी हॉर्न वाजवले, सगळ्यांनी एकदम, बराच वेळ. मी क्लबाच्या हॉलच्या मागच्या दाराशी होते, चाव्या हातात. हॉर्न ऐकत थांबले. मग सॉसेजचा वास आला. मग कोणीतरी माझ्या हातात कांद्याची परात दिली आणि राहिलं ते राहिलंच.

जेवणं झाली. व्हॅलने चेंडूवरचा टॉवेल काढला.

हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. अख्खं वुराबिन आणि अर्धं कुलॉन्ग. मी भिंतीला टेकून ओरडण्याची वाट बघत होते.

"वा, व्हॅल," क्लॅरी म्हणाला.

"सुरेख," नेटबॉलच्या बायका म्हणाल्या, एकामागून एक. "ह्या वर्षी तर काय विचारूच नका."

मला वाटलं सगळ्यांना वेड लागलं. व्हॅल टेबलाशी उभी, चांगला कोट घालून, लाल झालेली. क्लॅरीला हळूच म्हणाली, "जरा फिकाच राहिला का रे?"

"नाही गं. बरोबर आहे." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. टोपीखालून, सरळ.

तेव्हा मला कळलं. फरशा. हिरवं झाकण. केस फुटलेले दिवे. ह्याला तू काय म्हणशील. ती विचारत होती, कारण तिला माहीत नव्हतं. इतके दिवस ती मला विचारत होती आणि मी उत्तरं देत होते शाळेतल्यासारखी, सुटका होईल अशी. सकाळी ती विचारत होती तेव्हाही. आणि मी मस्त म्हटलं.

सांगावं तर आत्ता, इथे, कसं? न सांगावं तर संपेल, फुटेल, खातील, कोणी काही बोलणार नाही. अख्खा हॉल तेच करत होता. मीही तेच करायचं ठरवलं.

कुलॉन्गच्या स्नोला कोणी सांगितलं नव्हतं. स्नो त्यांचा ट्रक ड्रायव्हर, मनात काही नाही, हातात बिअर. तो पुढे आला आणि म्हणाला, "अरे व्हॅल! तू तर आत्ताच पार्टी बदललीस की! आमचाच रंग दिलास!"

त्याचे दोस्त हसले आणि हसता हसता थांबले.

व्हॅलने चेंडूकडे बघितलं. मग माणसांकडे. मग, "मेरिन."

गेले. चाव्या अजून हातात होत्या.

"कुठला निळा आहे हा?"

क्लॅरी डोळ्यांनी नको नको करत होता.

"त्यांचा," मी म्हटलं.

"सकाळी?"

"सकाळीही त्यांचाच होता."

तिने मान हलवली. रडली नाही. कोटाचं वरचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. "फोड, क्लॅरी."

"राहू दे ना, व्हॅल."

"फोड म्हणते ना."

तो हलेना. मग तिनेच त्याच्या हातातली हातोडी घेतली, दुसऱ्या हाताने चेंडू चाचपून मधोमध जागा शोधली आणि मारली. एकच. मी डोळे मिटले होते. तुकडे टेबलभर घसरल्याचा आवाज आला, मग उघडले.

क्लॅरीच्या हातात तुकडा होता, उलटा. त्याचे मोठे कान हलत होते. "व्हॅल," तो म्हणाला. "आतून."

"आतून काय?"

त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं, भोंग्यासारखं.

"मेरिन, तू सांग. आतून काय?"

"आकाशी."

"आकाशी काय शेंबड्या पोरालाही कळतं," व्हॅल म्हणाली. "कसला आकाशी?"

"जर्सीच्या कॉलरखाली, ऊन लागलं नाही तिथला."

तिने तुकडा घेतला. अंगठा बाहेरून फिरवला, तिथे गुळगुळीत. मग आतून फिरवला, खडबडीत, माझ्या ब्रशच्या रेघा. तशीच भिंतीपर्यंत गेली, लोक बाजूला झाले. लेसच्या फोटोखाली तिने तुकडा ठेवला, पुन्हा अंगठ्याने तपासला आणि खडबडीत बाजू वर केली.

मग बाकीचे उठले. ज्यांची ज्यांची माणसं भिंतीवर होती त्या सगळ्यांनी आपले तुकडे तसेच ठेवले, आतली बाजू वर.

स्नो माझ्याशेजारी उभा होता, टोपी हातात. दात, जीभ, ओठ सगळं निळं. "मला काय माहीत गं," तो म्हणत होता. "मला कोणी सांगितलं का?"

घरी येताना व्हॅल समोरून गाडी आली की डोळ्यांवर हात धरायची. मी काहीतरी बोलायला हवं होतं.

बुधवार, २८ ऑगस्ट

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. काल मीच तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. ऑपरेशनने जाईल म्हणाला, पण सरकारी रांग लांब आहे, कदाचित पुढचा मोसम उलटेल. आणि एका डोळ्याच्या मागच्या बाजूला आणखी काहीतरी आहे, ते मोठ्या डॉक्टरने बघायला हवं. त्याबद्दल त्याने फार सांगितलं नाही. परतताना व्हॅल पिशवी छातीशी धरून बसली होती. पिवळ्या फुलांचं शेत आलं तेव्हा मी वेग कमी केला. तिने खिडकीकडे तोंडही वळवलं नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"गेल्या ख्रिसमसपासून. नाताळच्या केकवर मी हिरवी समजून तपकिरी पानं काढली. गावाने खाल्ली." थोड्या वेळाने म्हणाली, "शनिवार झाला की तुला विचारणार होते. रंगाचं तू बघशील का. म्हणजे तुला कुठे जायचं नसेल तर."

"मला वाटलं तू हाकलणार."

"तुला? कशाला?" तिला खरंच कळेना. "हात गार आहेत तुझे."

आज सकाळी ती उशिरा उठली, खोलीतच चहा प्यायली, आणि मला वाटलं आता दुकान बंदच राहणार. मग फोन वाजला. कोठारावरच्या मॅनेजरच्या मुलीचा वाढदिवस, देवमासा हवा, चॉकलेटचा, निळा. व्हॅल फोन धरून नुसती उभी. मी मान हलवली, मग लक्षात आलं आणि तोंडाने हो म्हटलं.

हवेचा पंप क्लॅरी घेऊन गेलाय, हातगाडीच्या चाकासाठी. परत देईल असं दिसत नाही. मीही मागितला नाही.

चॉकलेट वितळवलं. तपकिरी झाकण मी बघितलं आणि बाटली तिच्या हातात दिली. तिनेच घालायचं, हात तिचाच सराईत आहे. जांभळा, सुईच्या टोकावर. मग निळा. एक. ब्लेंडर. एक. ती पातेल्यावर वाकली नाही. मान सरळ, कान माझ्याकडे.

"ह्याला काय म्हणशील?"

"अजून धुक्यातला आहे."

एक. ब्लेंडर.

"आता?"

"आता पाणी दिसायला लागलं. उथळ."

एक. ब्लेंडर. बाटली पुन्हा तिरकी झाली, थेंब टोकाशी येऊन लोंबायला लागला.

"पुरे," मी म्हटलं.

तिने बाटली खाली ठेवली.